सीएनसी ऑपरेटरकडून नेमकी अपेक्षा काय, हे कागदावर कसं उतरवायचं

‘नीट लक्ष देऊन काम कर’ ही अपेक्षा नव्हे. अपेक्षा पूर्ण झाली की नाही हे शिफ्ट संपताना ऑपरेटरला स्वतःला मोजता आलं पाहिजे, नाहीतर महिनाअखेरीला वाद ठरलेला. सीएनसी म्हणजे प्रोग्रामवर चालणारं मशीन; टर्निंगच्या (धातू फिरवत ठेवून कापण्याच्या) छोट्या वर्कशॉपमधला एक जॉब धरून बघू.

सर्वांत जास्त चूक होते ती नगांच्या आकड्यात. प्रोग्रामचा सायकल टाइम (मशीनला एक नग कापायला लागणारा वेळ) ३ मिनिटं २० सेकंद, शिफ्ट साडेआठ तासांची; सरळ भागाकार केला की १५३ नग येतात आणि तोच आकडा फळ्यावर लागतो. इतके नग कधीच निघणार नाहीत. ५१० मिनिटांतून जेवणाची ३० आणि दोन चहांची २० वजा केली की ४६० उरतात. तेल-कूलंट बघणं आणि पहिला नग मोजून पास करून घेणं याला २०, शेवटी चिप्स काढून पुढच्या शिफ्टला मशीन सोपवायला १५, इन्सर्ट (हत्याराचं कापणारं, बदलता येणारं टोक) बदलायला १०. राहिली ४१५ मिनिटं. चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या भागात) जॉब लावण्या-काढण्याचे ४० सेकंद धरले तर एका नगाला ४ मिनिटं लागतात, म्हणजे १०३ नग. त्यातून साधारण १० टक्के सोडून ९३ लिहा. हे ४० सेकंद मात्र अंदाजाने धरू नका. स्टॉपवॉच घेऊन सलग १० नग मोजा, तेही शिफ्टच्या सातव्या तासाला, हात थकलेले असताना.

नुसता आकडा दिला की घाईत मोजमाप टळतं आणि रिजेक्शन वाढतं. म्हणून त्याच कागदावर कोणतं माप, किती नगांनी, कशाने मोजायचं हेही हवं. व्यास २४.९८ ते २५.०० मिमी हवा असेल तर ०.०२ मिमीचा व्हर्नियर देऊन उपयोग नाही, कारण त्याचा लीस्ट काउंटच (मोजता येणारं सर्वांत लहान माप) पूर्ण टॉलरन्सएवढा (मापात चालणाऱ्या फरकाएवढा) आहे. तो टॉलरन्सच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहून कमी असावा. इथे ०.००१ मिमीचा डिजिटल मायक्रोमीटर लागेल, आणि तो देणं ही तुमची जबाबदारी. इन्सर्ट झिजत जातो तसा बाहेरचा व्यास वाढत जातो. म्हणून असं लिहा: ‘दर दहाव्या नगाचा व्यास मोजून तक्त्यात भरायचा. २४.९९५ च्या वर गेला की ऑफसेट (मशीनमध्ये हत्याराच्या मापाची दुरुस्ती) द्यायचा. माप बाहेर गेलं तर मशीन थांबवायचं, मोजलेला नग, त्याआधीचे नऊ आणि मशीनवर चालू असलेला वेगळे ठेवायचे, सुपरवायझरला बोलवायचं.’ मशीन थांबवल्याबद्दल कोणी बोलणार नाही, हेही लिहून द्या. त्याशिवाय कोणी थांबवत नाही. मोजणी पुढचा नग चालू असताना होते, म्हणून तिचा वेळ वेगळा धरलेला नाही.

लाइट गेली, धातूचा बार वेळेवर आला नाही, यात ऑपरेटरचा दोष नाही. ५ मिनिटांपेक्षा जास्त थांबलेला वेळ कारणासह त्याने लिहावा आणि तेवढं लक्ष्य कमी करावं. ४० मिनिटं लाइट नव्हती तर त्या दिवशी ९३ ऐवजी ८४.

हे सगळं एका पानात बसवा आणि केबिनमध्ये नव्हे, मशीनपाशी उभं राहून समजवा. ऑपरेटर हिंदी भाषक असेल तर कागद हिंदीत. ‘समजलं का?’ विचारलंत तर उत्तर ‘हो’च येतं, त्यापेक्षा माप बाहेर गेल्यावर काय करशील, हे त्यालाच सांगायला लावा. नवीन माणसाला पहिल्या आठवड्यात ६० नग पुरे, पण मोजणीत सवलत नको. घाईची सवय एकदा लागली की मोडायला फार जड जाते.

पहिले दोन आठवडे आकडा कच्चा समजा. कोणत्याच शिफ्टमध्ये कोणालाच ९३ निघत नसतील तर आकडा चुकला आहे. पुन्हा स्टॉपवॉच घ्या. प्रोग्राम किंवा इन्सर्टचा ग्रेड बदलला की नवीन हिशोब, नवीन तारीख, आणि जुना कागद त्याच दिवशी मशीनवरून काढा.