मुंबई ते न्यूयॉर्क: फ्लाइटचा वेळ मोजताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक आधी सांगते, कारण ती आमच्याच घरात झालीये. मामांचं तिकीट होतं 14 तारखेचं, रात्री दीडचं. मामा 14 ला दुपारी निवांत जेवले, देवापुढे साखर ठेवली, नाशिकहून गाडी केली, साडेदहाला एअरपोर्टच्या गेटवर हजर, आणि तिथला जवान तिकीट बघून म्हणतो, काका, ही फ्लाइट तर काल रात्रीच गेली. आता आपल्या डोक्यात वार बदलतो सूर्योदयाला, पण तिकिटावरची तारीख रात्री बारालाच बदलते. म्हणजे 14 चं दीड असेल तर घर 13 ला सोडायचं. कॅलेंडरवर गोल 13 वर करा, 14 वर नको. मुंबईहून अमेरिकेला जाणाऱ्या बऱ्याच फ्लाइट मध्यरात्रीनंतरच्या असतात, म्हणून हा घोळ नेहमीचा.

दुसरं, वजाबाकी. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. समजा जुलैत मुंबईहून रात्री दीडला निघालात आणि न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी साडेसातला उतरलात, तर कागदावर दिसतात 6 तास, प्रत्यक्षात बसलात साडेपंधरा, कारण न्यूयॉर्क तेव्हा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. येताना दुपारी साडेबाराला निघून साडेचौदा तास उडालात तर मुंबईत दुसऱ्या दिवशीचे साडेबाराच वाजलेले, घरच्यांना वाटतं अख्खे 24 तास विमानातच! आणि हा फरक वर्षभर साडेनऊच राहतो असं धरू नका, तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात ती मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत, तोवर फरक साडेदहा. घ्यायला येणाऱ्याला वेळ सांगताना न्यूयॉर्कचीच सांगा, उगाच भाषांतर करत बसू नका.

मग अंतर. साधारण 12,500 किमी, ताशी 900 ने भागलं की 14 तास येतात आणि लोक म्हणतात तिकिटावर जास्त कसे. पहिली गोष्ट, तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो, धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं त्यातच. दुसरी, वरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे जाताना अंगावर, येताना पाठीवर, म्हणून येतानाचा वेळ कमी. आणि तिसरी, 12,500 हे सगळ्यात जवळच्या वाटेचं अंतर. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून ती वाट दिसत नाही, पोरांचा पृथ्वीगोल घ्या आणि मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा, तो पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया करत पार नॉर्वेच्या बाजूने वर जातो! पण विमानाला दरवेळी तसं जाता येत नाही. रशियाचं आकाश अमेरिकन कंपन्यांना 2022 पासून बंद, पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना बंद केलं, की आला वळसा. म्हणून मागच्या वेळी ताईला किती तास लागले ते विचारू नका, तुमच्या तिकिटावर 'ड्युरेशन' लिहिलेलं असतं तेच बघा.

आणि पुढे अमेरिकेतच दुसरी फ्लाइट असेल तर दोन फ्लाइटमध्ये दीड तास ठेवून स्वस्त तिकीट मिळालं म्हणून खूश होऊ नका, इमिग्रेशन बहुतेक वेळा पहिल्या एअरपोर्टवरच होतं, तिथेच बॅगा उचलायच्या आणि परत द्यायच्या. अबुधाबीवरून गेलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकू शकतं, म्हणजे रांग तिथे, तेव्हा तिथला वेळ मोकळा ठेवा.