आहे ते वाचा, असायला हवं ते नको

माझी पहिली नोकरी बोलायची होती. एका छापखान्यात मुद्रितशोधक पुढ्यात प्रूफ घेऊन बसायचे आणि मी शेजारी बसून मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचे. नुसते शब्द नाहीत, सगळंच: ‘स्वल्पविराम’, ‘अवतरण सुरू’, ‘अवतरण बंद’, ‘नवा परिच्छेद’, आणि शंकेची जागा आली की ‘पहिली वेलांटी’, ‘दुसरा उकार’. दिवसाचे सहा-सहा तास. पहिल्याच आठवड्यात एका वाक्यात ‘व’ लिहिलेला होता आणि मी ‘आणि’ वाचून पुढे गेले. शोधकांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, “हे बघ, आहे ते वाच. असायला हवं ते नको वाचूस.”

दुसऱ्याचं लिखाण असं वाचणं महिन्याभरात जमलं. स्वतःचं वाचायला पुढे कितीतरी वर्षं गेली. ‘लिहिलेलं मोठ्याने वाचून बघा’ हा सल्ला सगळेच देतात, पण बहुतेक जण आपलं लिखाण रंगवून वाचतात. कागदावर जे राहून गेलेलं असतं ते आवाज भरून काढतो: नसलेला विराम घेतो, हव्या त्या शब्दावर जोर देतो, फसलेला विनोद तारून नेतो. मग लेख झकास वाटतो आणि तसाच पाठवला जातो. वाचणाऱ्याकडे मात्र तुमचा आवाज जात नाही, कागद तेवढा जातो. तेव्हा खाली जे काही सांगते आहे ते सगळं आवाजाची ही मदत बंद पाडण्यासाठी.

एक फजिती सांगते. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या निरोप समारंभाचं भाषण मी लिहिलं होतं. त्यात वाक्य होतं, ‘कुणाचंही मन दुखावल्याशिवाय ते कधी बोलले नाहीत.’ आदल्या दिवशी चार वेळा वाचलं होतं, चारही वेळा मनात. समारंभात ते तोंडून बाहेर पडलं आणि माझ्याच कानावर आदळलं. म्हणायचं होतं ‘मन न दुखावता बोलले’. लिहिलं होतं त्याचा अर्थ असा की हे गृहस्थ जेव्हा जेव्हा बोलले तेव्हा कुणाला ना कुणाला दुखावूनच. पहिले हसले ते स्वतः सत्कारमूर्ती.

चार वेळा वाचून दिसलं कसं नाही? डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही, उड्या मारत जातो. एकेका ठिकाणी साधारण पाव सेकंद टेकतो आणि मधले लहान शब्द पुष्कळदा न बघताच ओलांडतो. परका मजकूर असेल तर निदान पुढे काय येणार हे ठाऊक नसतं. स्वतःचा तर पाठच असतो. डोळा नुसत्या खुणा टिपतो आणि वाक्य आठवणीतून पुरं होतं. तोंडाला अशा उड्या मारता येत नाहीत. मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रायसबर्ट यांनी वाचनवेगाचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१९मध्ये काढलेली इंग्रजीची सरासरी बघा: ललितेतर मजकूर मनात वाचताना मिनिटाला २३८ शब्द, मोठ्याने वाचताना १८३. मराठीत प्रत्यय लागून शब्द लांबतात, त्यामुळे आकडे हेच राहणार नाहीत. मला हजार शब्दांना आठ-नऊ मिनिटं लागतात. कुणी तेवढाच मजकूर चार मिनिटांत मोठ्याने वाचला म्हणालं, तर मी समजते की नुसते ओठ हलले.

तयारी फार नाही. लिहून झाल्या झाल्या वाचायला बसू नका, एक रात्र जाऊ द्या. शक्य असेल तर कागदावर छापून घ्या. नाहीच जमलं तर पडद्यावरचा फॉन्ट बदला आणि अक्षर मोठं करा, म्हणजे ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि मजकूर जरा परका दिसतो. उभं राहून वाचा. बसलं की पोटात बाक येतो, श्वास आखूड होतो, मग दमछाक वाक्यामुळे झाली की बसण्यामुळे ते कळत नाही. हातात पेन्सिल घ्या, कीबोर्डपासून लांब राहा. आणि आवाज सपाट ठेवा. सूचनाफलक वाचून दाखवतोय असं समजा.

पहिल्या वाचनात एकही शब्द दुरुस्त करायचा नाही. हे सगळ्यात अवघड. दुसऱ्या ओळीलाच हात शिवशिवतात, पण दुरुस्तीला थांबलात की लय तुटते आणि पुढची दोन वाक्यं कानाआड जातात. फक्त खुणा करा. मी चार करते. जीभ अडखळली की समासात बरोबरची खूण. श्वास पुरला नाही की शब्दाखाली नागमोडी रेघ. तोच शब्द पुन्हा कानावर आला की दोन्ही ठिकाणी गोल. आणि माझंच लक्ष उडालं, म्हणजे तोंड वाचतंय पण डोक्यात भलतंच काही चाललंय, की आडवी रेघ. या शेवटच्या रेघेबद्दल लोक स्वतःशीच खोटं बोलतात, आणि नेमका तोच परिच्छेद बहुतेक वेळा काढून टाकण्याच्या लायकीचा असतो. अडखळलात तर ‘सॉरी’ म्हणून पुन्हा नीट वाचू नका. दोष जिभेचा नाही.

पाचवी एक खूण असते, पण ती वाचता वाचता करता येत नाही, कारण ती चूक आपल्याला कळतच नाही. छापखान्यात मी केली तीच: कागदावर एक, तोंडात दुसरं. यासाठी वाचताना फोनवर आवाज रेकॉर्ड करा. मग बसा, रेकॉर्डिंग लावा आणि कागदावर बोट ठेवून ऐका. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा थक्क व्हाल. लिहिलंय ‘परंतु’, वाचलंय ‘पण’. लिहिलंय ‘तसेच’, वाचलंय ‘आणि’. ‘सदर बाब’ वाचताना तोंडाने ‘ही गोष्ट’ केलंय. कुठे एखादा ‘देखील’ गिळलाय, कुठे नसलेला ‘मग’ घातलाय. अशा दहा जागांपैकी आठ-नऊ ठिकाणी मी तोंडाचं ऐकते आणि कागद बदलते. तोंडाने जे आपसूक केलं तेच बहुधा मराठी असतं. हाताने लिहिलं होतं ते कचेरीतून आलेलं.

याच रेकॉर्डिंगमध्ये ‘केले’ आणि ‘केलं’चा गोंधळही सापडतो. लेखात अर्धी रूपं एकारान्त आणि अर्धी अनुस्वाराची असतात, आणि तोंड मात्र सगळीकडे ‘केलं’च म्हणून मोकळं होतं. कुठलं ठेवायचं ते तुम्ही ठरवा, पण एका लेखात एकच. मी ‘केलं’वाली आहे. माझ्या शोधकांना ते कधीच पटलं नाही.

आता नागमोडी रेघ. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून लांब वाक्यात वाचणाऱ्याला सगळा मालमसाला हातात धरून शेवटपर्यंत चालावं लागतं. हे एक वाक्य मोठ्याने वाचा:

‘ज्या कर्मचाऱ्यांनी गेल्या वर्षी प्रशिक्षण पूर्ण केलेलं आहे आणि ज्यांची नावं यादीत समाविष्ट करण्यात आलेली आहेत अशा सर्व कर्मचाऱ्यांच्या अर्जांच्या छाननीच्या कामाला सुरुवात करण्यात आलेली आहे.’

‘कर्मचाऱ्यांच्या अर्जांच्या छाननीच्या’ इथे तीन ‘च्या’ एका माळेत आलेत. डोळ्याला ते दिसत नाहीत, जिभेला खड्यासारखे लागतात. आणि ‘करण्यात आलेली आहे’पर्यंत पोचल्यावरही करतंय कोण ते कळत नाही. दुसऱ्या दिवशी मी ते असं केलं: ‘गेल्या वर्षी प्रशिक्षण घेतलेल्यांची यादी तयार आहे. त्यांचे अर्ज आता आम्ही तपासतो आहोत.’ माझा ठोकताळा असा की दोन ‘च्या’ शेजारी चालतील, तिसरा आला की वाक्य मोडायचं. आणि ‘करण्यात आलं’ दिसलं की विचारायचं, कुणी केलं?

गोलांचं दुखणं बहुतेक वेळा एकाच शब्दाचं असतं: ‘आहे’. ‘संस्थेचं वाचनालय जुनं आहे. तिथे बरीच पुस्तकं आहेत. पण ती धूळ खात पडलेली आहेत. ती वाचणारं कुणी नाही ही खेदाची बाब आहे.’ मनात वाचलं तर यात काही गैर वाटत नाही. मोठ्याने वाचलं की प्रत्येक वाक्याच्या शेवटी कुणीतरी टेबलावर थाप मारतंय असं होतं. ‘संस्थेचं वाचनालय जुनं. पुस्तकं भरपूर, पण धूळ खात पडलेली. वाचणारं कुणी नाही.’ शेवटची खेदाची बाब मी काढूनच टाकली. धूळ म्हटल्यावर खेद वेगळा सांगायला नको. अर्थात ‘आहे’ गाळण्याचीही चटक लागते. सगळी वाक्यं अशी तुटक झाली की तार आल्यासारखी वाटतात. त्यावर उपाय पुन्हा कानच: एखादा ‘आहे’ ठेवा, एखादी क्रिया भूतकाळात न्या, एखादं वाक्य ‘करून’, ‘म्हणून’ने पुढच्याला जोडा आणि परत वाचा.

‘च’ आणि ‘फक्त’ यांच्यासाठी सपाट आवाज फार उपयोगी पडतो. ‘फक्त मी दोन पानं वाचली’ असं लिहून आपण वाचताना जोर ‘दोन’वर देतो आणि अर्थ बरोबर ऐकू येतो. सपाट वाचलं की कळतं, कागदावर अर्थ असा आहे की इतर कुणी वाचलीच नाहीत. ‘मी दोनच पानं वाचली’ म्हटलं की जोर कुठे द्यायचा ते वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही.

विरामचिन्हांचंही तसंच. ती मराठीत रुळली एकोणिसाव्या शतकात, छपाईच्या काळात. कोशकार मेजर थॉमस कँडी यांचं नाव त्या कामाशी जोडलेलं आहे. त्याआधी मोडीत तर शब्दही तोडून लिहीत नसत, वाचणाऱ्याचा आवाजच शब्द सुटे करायचा. आपल्याला चिन्हांची सोय आहे, तर ती वापरावी. रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही थांबलात आणि कागदावर काही नाही, तिथे स्वल्पविराम टाकून बघा. उलट, कागदावर स्वल्पविराम आहे आणि आवाज थांबलाच नाही, तर तो काढा. कंस आला की मी थबकते. कंस कसा वाचायचा हे मला आजही नीट कळत नाही, त्यामुळे माझ्या लेखांतले बहुतेक कंस याच टप्प्यावर जातात.

इतकं झालं की मजकूर दुसऱ्याच्या हातात द्या. त्याला आधी काही समजावू नका, थेट मोठ्याने वाचायला सांगा. त्याच्या तोंडाकडे बघू नका. तो बिचारा दाद द्यायला लागतो. दुसरी प्रत घेऊन खुणा करत बसा. एकदा मी मोठ्या दिमाखात परिच्छेदाची सुरुवात केली होती: ‘जरा कुणाला चुकली?’ माझ्या मैत्रिणीने ‘जरा थांब’मधला ‘जरा’ वाचला, ‘चुकली’वर अडली, मागे आली, पुन्हा वाचलं आणि विचारलं, “काय चुकली?” लिहिताना माझ्या कानात म्हातारपणाचा ‘जरा’ होता. ‘ज’चे दोन उच्चार आणि अक्षर एकच. अर्थ समजावून सांगायला मी तोंड उघडलं, मग गप्प बसले आणि ‘म्हातारपण’ लिहिलं.

कुणी वाचणारं नसेल तर फोनला वाचायला लावा, मराठी वाचणारे आवाज आता मिळतात. लय वगैरे ते बिघडवतात, तिकडे लक्ष देऊ नका. पण गळलेला शब्द आणि दोनदा पडलेला ‘की की’ यांच्या बाबतीत यंत्र निर्दय आहे. त्याला आमच्या शोधकांचं वाक्य कधी सांगावं लागलं नसतं.

हे सगळं करूनही ऱ्हस्व-दीर्घ सापडणार नाही. शेवटची वेलांटी पहिली असो की दुसरी, आपण ती दीर्घच उच्चारतो. ‘पाणि’ आणि ‘पाणी’ कानाला सारखेच. ‘श’ आणि ‘ष’ तर बोलण्यात केव्हाच एक झाले. म्हणून तर छापखान्यात वेलांटीचा नंबर ओरडून सांगावा लागायचा. त्यासाठी शेवटी एक फेरी तोंड मिटून करा: कागदावर पट्टी ठेवायची, एकच ओळ दिसेल अशी, आणि शेवटच्या ओळीपासून वर यायचं. उलटं वाचताना गोष्ट कळत नाही. डोळ्याला मग अक्षरंच बघावी लागतात.