इन्सुलिन देताना: कुपी, सिरिंज आणि रुग्णाचे नाव

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या रुग्णालयांत प्रशिक्षण घेणाऱ्या परिचर्येच्या विद्यार्थ्यांनी इन्सुलिनच्या कुपीवरील आकडा दर वेळी स्वतः वाचावा, कारण आपल्याकडे ती एका मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन तीव्रतांत मिळते. ४० च्या सिरिंजचे टोपण लाल, तर १०० च्या सिरिंजचे नारिंगी असते. तरीही केवळ रंगावर विसंबू नये.

समजा, २० युनिट द्यायचे आहेत. ४० च्या कुपीतून ते अर्धा मिलिलिटर भरतात. मात्र तीच लाल टोपणाची सिरिंज १०० च्या कुपीत घालून २० च्या रेघेपर्यंत भरली, तर रुग्णाला ५० युनिट, म्हणजे अडीचपट मात्रा जाते आणि रक्तातील साखर जीवघेणी खाली येऊ शकते. म्हणून भरलेली सिरिंज कुपीसह दुसऱ्या परिचारिकेला दाखवावी. त्यात कमीपणा मुळीच नाही. मुळातच गढूळ दिसणाऱ्या प्रकारच्या इन्सुलिनची कुपी जोरात हलवू नये, ती भरण्यापूर्वी तळहातांत हळुवार फिरवावी.

आमच्या सीमाभागात एकाच वॉर्डात मराठी आणि कन्नड बोलणारे रुग्ण असतात. ‘पाटीलआजी ना तुम्ही?’ असे विचारल्यास नीट ऐकू न आलेली आजीही मान डोलावते. त्याऐवजी ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ किंवा ‘निम्म पूर्ति हेसरु हेळ्री’ असे म्हणावे आणि उत्तर केसपेपरशी ताडून पाहावे. साखर तपासलेली आहे आणि जेवणाचे ताट आलेले आहे, याची खात्री झाल्यावरच सुई टोचावी, आणि नोंद लगेच करावी.