लेसर छंदिष्टांच्या मेळाव्यात आभार कसे मानावेत

छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर येथून लेसर किरणाने कापणारी-कोरणारी आपापली यंत्रे घेऊन येणाऱ्या छंदिष्टांचा मेळावा भरवताना पहिला मान सुरक्षा-चष्म्यांना द्यावा. ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या डायोड लेसरसाठीचा चष्मा १०६४ नॅनोमीटरच्या अदृश्य लेसर किरणापासून डोळे वाचवेलच असे नाही, म्हणून जादा चष्मे आणणाऱ्याचे आभार सर्वांसमोर, नाव घेऊन मानावेत. पीव्हीसी हे प्लॅस्टिक लेसरने कापू देऊ नये. त्यातून घातक हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. ज्याने नवख्याच्या शेजारी बसून यंत्रातले किरण वळवणारे आरसे जुळवून दिले, किरणाची जागा तपासायला लावलेल्या चिकटपट्टीवरचा जळका ठिपका यंत्राच्या चारही कोपऱ्यांत एकाच जागी पडेपर्यंत धीर सोडला नाही, त्याला त्याच यंत्रावर नाव कोरलेली लाकडी पाटी भेट द्यावी. शाल-श्रीफळापेक्षा ती मला अधिक उचित वाटते. जेवणाच्या पंगतीत वाढायला अनुभवी मंडळींनी उभे राहावे, म्हणजे नवख्यांचा संकोच तिथेच सुटतो.