एसएफएसच्या जुन्या दिवसांचं प्रदर्शन लावायचंय? मग दिवाळीच्या आधीच लागा कामाला

जानेवारीत एसएफएसच्या, म्हणजे आपल्या नागपूरच्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळेच्या, फीस्टच्या (शाळेच्या संताच्या सणाच्या) सुमारास माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आणि त्यात शाळेच्या इतिहासाचं प्रदर्शन, असं ठरलंय ना, मग सगळ्यात आधी एक करू नका, व्हॉट्सॲप ग्रुपवर "कोणाकडे जुने फोटो असतील तर टाका बे" असा मेसेज टाकून मोकळे होऊ नका. त्याने फक्त अंगठे येतात आणि सेंड-ऑफचा तोच एक फोटो प्रत्येक जण आणखी धुरकट करून फॉरवर्ड करतो. सुरुवात शाळेच्या ऑफिसातून करायची. प्रिन्सिपल फादरना लेखी अर्ज द्या, त्यात काय बघायचंय आणि कोण कोण बसून बघणार ते नावानिशी लिहा, आणि क्लर्कसाहेबांना कोणता दिवस सोयीचा ते विचारूनच जा, कारण दाखले काढायच्या गर्दीत तुमच्यासाठी कपाट उघडायला कोणी रिकामं नसतं. हे सगळं दिवाळीच्या सुट्टीआधी उरकायचं. नंतर सुट्ट्या, मग डिसेंबरात गॅदरिंग आणि ख्रिसमस, जानेवारी लागला की दहावीच्या प्रिलिम, मग कोण विचारतं तुम्हाला. आणि "पुढच्या वेळी उन्हाळ्यात करू" म्हणणाऱ्याला मे महिन्यात एकदा स्टोअररूममध्ये बसवा, आपल्या विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी का उघडतात ते कळेल त्याला.

कपाट उघडलं की प्राचार्यांच्या फोटोंवर झडप घालू नका, ते भिंतीवर लागलेलेच असतात. जनरल रजिस्टर मागा. माझ्या मते शाळेचा खरा इतिहास तिथेच आहे. एका आडव्या ओळीत एक पोट्टा पूर्ण मावतो, नाव, बापाचं नाव, जन्मगाव, आधीची शाळा, कोणत्या वर्गात आला, कधी गेला, आणि शेवटी शाळा सोडल्याचं कारण. हा शेवटचा रकाना निवांत वाचा. वडिलांची बदली, फी थकली, पुढच्या शिक्षणासाठी, नुसतं "गैरहजर", असल्या दोन-तीन शब्दांत अख्खं घर दिसतं. पण एक गोष्ट आताच ठरवून टाका, जात आणि जन्मतारीख असलेलं पान जसंच्या तसं मोठं करून लावायचं नाही. नावं झाका, रकाने दाखवा. ज्यांची नातवंडं त्याच हॉलमध्ये चहा पीत उभी असणार आहेत त्यांच्या घरच्या गोष्टी बोर्डावर नकोत.

हाताळायचं कसं, तर हात धुऊन कोरडे करून, पानं टोकाला धरून, थुंकी लावून पान उलटायची सवय घरी ठेवून. फाटलेल्याला सेलोटेप लावायची नाही, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि कागद खाते. लॅमिनेशन तर अजिबात नाही. मोबाईलने फोटो काढा पण फ्लॅश बंद करून, खिडकीच्या बाजूला रजिस्टर पूर्ण सपाट ठेवून, आणि पहिला फोटो नेहमी कव्हरचा घ्या म्हणजे नंतर कोणतं पान कोणत्या रजिस्टरचं यावरून भांडणं होणार नाहीत.

आता पाट्यांचा मजकूर. शाळा 1870 ची, हे सगळ्यांना पाठ आहे, पण त्याच्या मागेपुढे काय चाललं होतं ते लिहा, नाहीतर नुसता आकडा लटकतो. भोसल्यांचं राज्य 1854 मध्ये खालसा झालं, 1861 मध्ये मध्य प्रांत होऊन नागपूर राजधानी झालं, 1867 मध्ये मुंबईहून रेल्वे आली, आणि बाजूला कामठीची छावणी त्याच्याही आधीपासून, 1821 ची, तिथे मद्रास आर्मीच्या पलटणी. म्हणजे सरकारी नोकर, रेल्वेवाले, फौजी, त्यातले कॅथलिक, आणि त्यांच्या पोरांना शाळा पाहिजे. कामठीत आजही दक्षिणेकडची आडनावं का दिसतात ते यातच आलं. एवढं एका नकाशावर दाखवलं तर तीन पाट्यांचं लेक्चर वाचतं.

फादर लोकांबद्दल लिहिताना "फ्रान्सहून आलेले मिशनरी" असं घाईत लिहू नका. हे एमएसएफएसवाले (मिशनरीज ऑफ सेंट फ्रान्सिस डी सेल्स), ज्यांना फ्रान्सेलियन म्हणतात, त्यांचा संघ फादर पीटर मेर्मिए यांनी 1838 मध्ये अ‍ॅनसी इथे काढला आणि पहिली तुकडी 1845 मध्ये भारतात आली. अ‍ॅनसी आज फ्रान्समध्ये आहे हे खरं, पण तेव्हा तो सगळा सव्हॉय प्रदेश सार्डिनियाच्या राजाकडे होता, फ्रान्सला गेला 1860 मध्ये. आणखी एक घोळ हमखास होतो, नागपूरच्या सगळ्या जुन्या मिशन शाळा-कॉलेजांना एका माळेत ओवतात. बिशप कॉटन अँग्लिकन, हिस्लॉप स्कॉटिश प्रोटेस्टंट मिशनचं, आपली कॅथलिक. हे तिघं त्या काळात एकमेकांकडे काही फार प्रेमाने बघत नव्हते, तेव्हा एकाच रंगाच्या पाटीवर बसवू नका. सेमिनरी हिल्सवरचं एसएफएस कॉलेज 1956 चं, ते वेगळं, पाहुणे त्यातही गोंधळतात. (त्या टेकडीला सेमिनरीवरून नाव पडलं, हे तिथे रोज फिरायला जाणाऱ्यांनाही सांगावं लागतं.)

जुने दाखले कोणी आणून दिले तर राज्याचं नाव बघून बुचकळ्यात पडू नका. 1955 मध्ये पाचवीला असलेला पोरगा मध्य प्रदेशात शिकत होता, 1956 च्या नोव्हेंबरात तोच बाक मुंबई राज्यात गेला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात, पोरगा जागचा हललाही नाही. असा एखादा दाखला मिळाला, मालकाची परवानगी मिळाली, तर तो मधोमध लावा, माझ्या हिशोबाने अख्ख्या प्रदर्शनात त्याच्यापुढे सगळ्यात जास्त गर्दी होईल. तसंच अकरावीची मॅट्रिक आणि दहावीची एसएससी. 1975 च्या आसपास हा बदल झाला, तेव्हा "आमच्या वेळी अकरावी होती" म्हणणाऱ्या काकांना चूक ठरवायचं नाही.

तारखेचा अजून एक सापळा. संत फ्रान्सिस डी सेल्सचा सण आता 24 जानेवारीला असतो, पण 1969 मध्ये चर्चचं कॅलेंडर बदलायच्या आधी तो 29 जानेवारीला होता. म्हणजे जुन्या कार्यक्रम पत्रिकेवर 29 दिसली तर छपाईची चूक समजून खोडू नका. आणि हा संत पत्रकार-लेखकांचा पेट्रन, म्हणजे पाठीराखा संत, आहे, 1923 मध्ये पोपने तसं जाहीर केलं, तेव्हा शाळेची जुनी मॅगझिन आणि हस्तलिखितं सापडली तर त्यांचा कोपरा करायला आयतं निमित्त आहे.

माणसांकडे जाताना शिक्षकांच्या आधी चपराशी काकांकडे जा. बेल किती वाजता, कोण द्यायचं, उशिरा येणाऱ्यांना गेटवर किती वेळ ठेवायचे, भिंतीवरून कोण उडी मारायचं, हे सरांना अर्धंच माहीत असतं. "शाळेबद्दल काहीतरी सांगा" असं विचाराल तर "खूप छान शिस्त होती" एवढंच हाती लागेल. त्यापेक्षा विचारा की मधल्या सुट्टीत काय खायचे आणि कितीला, कॅथलिक पोरं कॅटेकिझमला (धर्मशिक्षणाच्या तासाला) गेली की बाकीचे मॉरल सायन्सच्या तासाला कुठे बसायचे, मराठी बोललं म्हणून दंड होता का, बहीण कॉन्व्हेंटात आणि भाऊ इथे असेल तर सकाळी घरी काय धावपळ व्हायची. दंडाचं उत्तर कडू आलं तरी ठेवा. नुसत्या गोड आठवणींचा बोर्ड कोणी थांबून वाचत नाही. मोबाईल रेकॉर्डिंग चालू करायच्या आधी विचारा आणि फाईलला त्याच दिवशी नाव द्या, नाहीतर "ऑडिओ झिरो झिरो फोर" कोणाचा ते फेब्रुवारीतही कळणार नाही.

ग्रुप फोटोंच्या पाट्या शेवटी करा. क्रिकेट टीमच्या फोटोखाली नावं छापलेली असली तरी त्यातली एखाद-दोन कसरीने खाल्लेलीच असतात, तेव्हा फोटोची झेरॉक्स घेऊन जुन्या बॅचच्या दोन वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळं बसवून विचारा. एकत्र बसवलं की जो जोरात बोलतो त्याचंच नाव फायनल होतं. पाट्या मराठी-इंग्रजी दोन्हीत, अक्षर मोठं, कारण बघणारे निम्मे चष्मा घरी विसरून येणार.

बाकी किरकोळ, म्हणजे मंडपवाल्याकडून पॅनल, एक्स्टेन्शन बोर्ड, वयस्कर मंडळींना खुर्च्या, तर्री पोहे सांगायचे पण प्रदर्शनाच्या हॉलच्या बाहेर, हे ज्याला जमतं त्याच्यावर सोपवा. फक्त एक वही स्वतःकडे ठेवा, कोणी कोणता फोटो दिला, कधी दिला, फोन नंबर, सही. देताना सही, परत नेताना सही. मेळावा संपल्यावर सगळे फोटो काढायच्या नादात असतात तेव्हा पॅनल उतरवायला एक माणूस आधीच नेमून ठेवा, आणि तो जेवायला सगळ्यात आधी पळणारा नसावा.