जुनी गाडी घेताना या चुका टाळा: आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा

२०१९ च्या डिसेंबरात मी पुण्यात एका डीलरकडून जुनी हॅचबॅक घेतली. २०१३ चं मॉडेल, पेट्रोल, पांढरी, मीटरवर ४८ हजार. दार उघडलं की आत लिंबाचा घमघमाट. मला वाटलं, काय टापटीप ठेवली आहे! मार्चमध्ये मागची काच खाली गेली ती वर येईना. मग हॉर्न आपोआप वाजायला लागला. एकदा तर रात्री अडीचला वाजला आणि अर्धी सोसायटी खाली आली. फिटरने डॅशबोर्डखालचा एक कनेक्टर काढून माझ्या तळहातावर ठेवला. पिनांवर हिरवी भुकटी चढलेली. मग त्याने ड्रायव्हरचा सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला आणि म्हणाला, "साहेब, हे बघा." एरवी कधीच बाहेर न येणारा पट्ट्याचा तो शेवटचा वीतभर तुकडा मातकट होता, आणि त्यावर पाण्याची सरळ रेघ होती. त्याच ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात महापूर येऊन गेला होता.

त्या गाडीसाठी मी चार चकरा मारून बारा हजार रुपये कमी करून घेतले होते. पट्टा ओढायला दहा सेकंद लागले असते. त्यानंतर स्वतःसाठी एक आणि नातेवाइकांसाठी पाच-सहा गाड्या बघून घेतल्या. त्यात दिसलेल्या चुका इथे लिहितोय, बहुतेक माझ्याच.

पुराची गाडी ओळखता न येणं

पहिली गोष्ट, पासिंग बघून अंदाज बांधू नका. एमएच-०९ किंवा एमएच-१० (कोल्हापूर-सांगलीचे नंबर) दिसली की गाडी नाकारणारे लोक मी पाहिले आहेत. पुरात बुडालेली गाडी त्याच गावात कोण घेणार? ती पुण्याला, नाशिकला, नागपूरला जाते, आणि तिथली पाण्यात गेलेली गाडी तुमच्या गावात येते. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं, मुंबईत तर दर दोन-चार पावसाळ्यांत कुठला तरी तळमजल्याचा पार्किंग भरतोच.

चारही सीटबेल्ट पूर्ण ओढा. डिकीतली स्टेपनी काढून खालच्या खोलगट भागात हात फिरवा, कोपऱ्यात बारीक गाळ राहतोच. पुढची सीट पूर्ण मागे सरकवून रुळांकडे बॅटरी मारा. बाहेरून चकाचक गाडीच्या सीटखालचे बोल्ट गंजलेले असतील तर तिथे पाणी होतं. हेडलाइटच्या आत धुरकट आडवी रेघ आहे का बघा. सीट कव्हर नवं, मॅट नवं, आणि वर सुगंधी बाटली, असं तिन्ही एकत्र दिसलं तर मी आता सरळ निघून येतो.

आणखी एक हुकमी कागद म्हणजे चालू विमा पॉलिसी. त्यात 'नो क्लेम बोनस' किती टक्के आहे ते वाचा. क्लेम न करता वर्षं गेली की तो २०, २५, ३५, ४५ करत ५० टक्क्यांपर्यंत चढतो. एकच मालक, गाडी सात वर्षांची, पॉलिसी पूर्ण विम्याची आणि बोनस शून्य, तर गेल्या वर्षी क्लेम झालाय किंवा विमा नव्वद दिवसांपेक्षा जास्त काळ बंद पडला होता. कुठलं ते विचारा, आणि उत्तर देताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघा. मालक बदलला की मात्र बोनस नव्याने सुरू होतो, कारण तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या गाडीला हा हिशोब जपून लावा.

मीटरवर विश्वास ठेवणं

मीटर मागे करायला फार वेळ लागत नाही, फार पैसेही लागत नाहीत. म्हणून आकडा सोडा, झीज बघा. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टीअरिंगवर चकाकी, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड खचलेली, आणि मीटर ३५ हजार? जमत नाही.

टायरच्या भिंतीवर चार आकडे कोरलेले असतात. '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आता समजा गाडी २०१८ ची, मीटर २८ हजार, आणि चारही टायर २०२२ चे. कंपनीचे पहिले टायर साधारण चाळीस-पन्नास हजार जातात. मग २८ हजारांच्या आतच चारही का बदलले? याचं खरं उत्तर असूही शकतं, पण ते विक्रेत्याकडून आलं पाहिजे, आपण त्याच्या वतीने तयार करायचं नाही. आपण तेच करतो. गाडी मनात भरली की आपणच वकील होतो.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेलेल्या गाडीची नोंद त्यांच्याकडे असते. मालकाला सोबत घेऊन किंवा त्याच्या फोनवरून ती मागवा. शेवटची नोंद ६२ हजारांची आणि मीटर ४८ हजार, असंही पाहिलंय. "डॉक्टरांनी वापरलेली गाडी" हे वाक्य ऐकलं की मी हल्ली डॉक्टरांच्या सहीची सर्व्हिस बिलं मागतो.

गरम इंजिन आणि धुतलेली गाडी बघणं

सकाळी जा, आणि आधी फोन करून सांगा की गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहा घेऊन दोन-तीन तासांनी या. थंड इंजिन सगळं खरं बोलतं. सुरू करताना मागे कुणाला तरी उभं करा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. दाट पांढरा धूर, जो गरम झाल्यावरही थांबत नाही, तो कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) जळण्याचा. हिवाळ्यातली पहिली वाफ यात धरू नका. काळा धूर आणि जोडीला ओढ नाही, तर इंधनाची गडबड. मग इंजिन बंद करून ऑइलचं झाकण काढा. आत दुधाळ, चहाच्या सायीसारखा थर असेल तर हेड गॅस्केटचा (इंजिनच्या वरच्या भागाखालच्या सीलचा) खर्च डोळ्यांसमोर आणा. रोज दोनच किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत थोडा ओलावा जमतो, म्हणून डिपस्टिकही (ऑइल मोजायची पट्टी) काढून बघा.

किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी तो बंद केलाय, म्हणजे अपघातात बॅग फुटली आणि नवी बसवली नाही असं समजायला हरकत नाही.

क्लचसाठी चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने जाताना अॅक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि गाडी तिथेच, तर क्लचप्लेट गेली. खराब रस्त्यावर समोरून 'टक-टक' आलं तर सस्पेन्शनचा लिंक रॉड, बुश किंवा लोअर आर्म. हे भाव कमी करायचे मुद्दे आहेत, गाडी सोडायचे नव्हेत. सोडायची ती चेसीमुळे, म्हणजे गाडीच्या सांगाड्यामुळे. बोनेट उघडून दोन्ही बाजूंचे एप्रन (पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूचे पत्रे) आणि समोरचा आडवा पत्रा बघा. कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके एकसारख्या अंतरावर असतात. एका बाजूला ठिपके आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत पुट्टी असेल तर पुढे बघण्यात अर्थ नाही.

आठशे-हजाराच्या आसपास मिळणारा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणारं यंत्र) सोबत न्या. एकही एरर नाही म्हणून खूश होऊ नका, 'रेडिनेस मॉनिटर' बघा, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते. बरेच 'अपूर्ण' दिसले तर एरर नुकतेच पुसलेले किंवा बॅटरी नुकतीच काढलेली असू शकते.

सगळं बजेट गाडीतच घालवणं

तीन लाख असतील तर गाडी अडीच-पावणेतीनची बघा. छोट्या गाडीचे चार टायर पंधरा हजारांच्या आसपास जातात, बॅटरी चार-पाच हजार, वर ऑइल, फिल्टर, विमा, ट्रान्स्फर. जुन्या सँट्रोसारखी टायमिंग बेल्टवाली गाडी असेल आणि बेल्ट बदलल्याचं बिल नसेल, तर तो पहिल्याच आठवड्यात बदला.

गाडी कंटाळवाणी निवडा. वॅगनआर, अल्टो के-१०, स्विफ्ट पेट्रोल, ग्रँड आय-१० यांचा पार्ट तालुक्याच्या गावात मिळतो. शेवरोलेने २०१७ अखेर भारतात विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचा निर्णय जाहीर केला. फोर्डची फिगो चालवायला अजूनही झकास, पण एखाद्या सेन्सरसाठी आठवडाभर थांबायची तयारी हवी.

वर्ष निवडायला वाव असेल तर २०१९ च्या उत्तरार्धातली गाडी बघा. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक न होऊ देणारी यंत्रणा) आणि जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग व मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. २०१८ च्या बेसिक मॉडेलपेक्षा पाच-दहा हजार जास्त गेले तरी मी ते देईन.

रोजचा प्रवास आठ-दहा किलोमीटर असेल तर डिझेल नको. बीएस-६ (२०२० पासूनच्या प्रदूषण नियमांच्या) डिझेलमधला डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, साफ व्हायला हायवेची धाव लागते, शहरात तो तुंबतो. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) हवी, आणि टाकीची तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्टही (पाण्याच्या दाबाची चाचणी).

कागद 'नंतर बघू' म्हणणं

इथे गाडी नाही, थेट पैसा अडकतो. एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून विमा, पीयूसी, बँकेचा बोजा आणि किती मालक झाले हे बघा. बोजा असेल तर कर्ज फिटलंय हे तोंडी सांगणं पुरत नाही. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरची 'एचपी', म्हणजे बोजाची नोंद, उतरवलेली पाहिजे. विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०. आरसीवरचे मालक हयात नसतील तर वारसाने आधी फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करायची, त्याशिवाय मुलाची सही काही कामाची नाही.

डीलरकडे कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतलेल्या गाड्या असतात. आरसीवर पाटील, मध्ये दोन जण येऊन गेले, आणि विकणारा चौथाच. अशा वेळी पाटलांना फोन लावा. विकणाऱ्यालाही हे महत्त्वाचं आहे: २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. ट्रान्स्फर लांबू नये म्हणून ती होईपर्यंत विकणाऱ्याचे वीस-पंचवीस हजार रोखून ठेवायचे, हे आधीच ठरवा. विमाही १४ दिवसांत नावावर करून घ्या, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो.

दिल्ली पासिंगची स्वस्त गाडी इथे नोंदवायची तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि महाराष्ट्राचा कर आलाच. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आल्यापासून त्या बाहेर स्वस्तात येतात. कर धरून हिशोब करा, फरक बराच वितळतो. पंधरा वर्षांच्या जवळ आलेल्या गाडीला पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर लागतो, तोही धरा.

शेवटचा कागद साधा, हाताने लिहिलेला. गाडी ताब्यात घेतली त्याची तारीख, वेळ, मीटरचा आकडा आणि दोघांच्या सह्या. जुना फास्टॅग तिथेच खरवडून काढायचा. माझ्या दुसऱ्या गाडीला तीन आठवड्यांनी एक्स्प्रेसवेवरच्या वेगाचं चलन आलं, वेळ होती ताबा घेतलेल्या दिवशी सकाळी ९.४०. आमच्या कागदावर दुपारचे १२.१५ लिहिलेले होते. फोटो पाठवला, आणि संध्याकाळपर्यंत विकणाऱ्याने चलन भरलं.