एका मार्कानं गेलं ओ सर : सीए फायनल देताना या चुका टाळा

४७, ५८, ४४. निकालाच्या संध्याकाळी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या ऑफिसात एका आर्टिकलनं, म्हणजे सीएच्या हाताखाली काम शिकणाऱ्या पोरानं, मोबाइल माझ्यापुढं धरला. मी मनात बेरीज केली : १४९. फायनलचे सहा पेपर तीन-तीनच्या दोन ग्रुपांत असतात, आणि एक ग्रुप निघायला ३०० पैकी १५० लागतात. प्रत्येक पेपरात किमान ४० ही अट पोरानं पार केली होती, एकूण ५० टक्क्यांना मात्र एक गुण कमी. वर ५८ म्हणजे एक्झम्प्शनलाही (साठ पडले की तो पेपर पुन्हा न देण्याची सवलत) दोन कमी. सहा महिन्यांच्या अभ्यासाचं हातात काहीच नाही. "एका मार्कानं गेलं ओ सर," एवढंच म्हणाला आणि खुर्चीत बसला.

चहा मागवला. नशिबाबद्दल काही बोललो नाही, कारण माझाही पहिला ग्रुप दोनदा राहिलाय आणि दोन्ही वेळा मी नशिबाला, पेपर काढणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला भरपूर शिव्या घातल्यात. आपलीच उत्तरपत्रिका मागवून बघावी ही अक्कल मला तिसऱ्या वेळी आली. या पोराच्या तिन्ही उत्तरपत्रिका आम्ही लगेच मागवल्या. पुढं लिहितोय त्यातलं बरंच त्या पानांतून आलंय.

पहिली चूक : निकालानंतर थेट पुस्तक उघडणं

नापास झालं की पोरं दुसऱ्या दिवशी नवा क्लास शोधतात, नवं पुस्तक घेतात, पहिल्या धड्यापासून सुरू करतात. म्हणजे ताप कशानं आला हे न बघता औषध बदलायचं.

इथं दोन गोष्टींची गल्लत होते. व्हेरिफिकेशनचा अर्ज केला तर गुणांची बेरीज बरोबर आहे का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, एवढंच बघतात. उत्तर पुन्हा तपासून गुण वाढवून मिळत नाहीत. त्यामुळं 'व्हेरिफिकेशनला टाकलंय, बघू' म्हणत अभ्यास थांबवणाऱ्यांचे आठवडे फुकट जातात. उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रत मागवणं हा वेगळा अर्ज. गुण त्यानंही वाढत नाहीत, पण आपण काय लिहिलं होतं ते तरी कळतं. मुदत निकालापासून मोजतात, म्हणून रडून झालं की पहिलं काम हेच.

आम्हाला काय दिसलं? फायनान्शिअल रिपोर्टिंगमध्ये शेवटच्या १४ गुणांच्या प्रश्नाला फक्त मथळा आणि दोन ओळी. ऑडिटमध्ये चार-चार पानांची उत्तरं, पण निष्कर्षाचा पत्ता नाही. एएफएममध्ये (ॲडव्हान्स्ड फायनान्शिअल मॅनेजमेंट) आकडेमोड बरोबर, गृहीतकं कुठंच लिहिलेली नाहीत. "हे सगळं येतं मला," तो म्हणाला. खरंच येत होतं, मी तिथंच विचारून बघितलं.

वाचून झालं, लिहिणं राहिलं

माझ्या मते सगळ्यात महाग चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो.

पहिल्या पाच पेपरांना प्रत्येकी तीन तास. ३० गुण बहुपर्यायी प्रश्नांचे, ७० लेखी उत्तरांचे. लेखी भागात पहिला प्रश्न सक्तीचा आणि उरलेल्या पाचांतले चार, म्हणजे १४ गुणांचे पाच प्रश्न. बहुपर्यायीला पाऊण तास दिला तर राहिले १३५ मिनिटं. पाचांनी भागा : एका प्रश्नाला २७ मिनिटं. त्यात प्रश्न वाचणं, वर्किंग नोट्स, रेघा मारणं, पान उलटणं सगळं आलं.

कन्सॉलिडेशनचा, म्हणजे मुख्य कंपनी आणि उपकंपन्यांचे हिशोब एकत्र करायचा प्रश्न २७ मिनिटांत सोडवून बघितलाय का कधी? मी हे विचारतो तेव्हा दहातली आठ पोरं आढ्याकडं बघतात. घरी तोच प्रश्न पन्नास मिनिटांत सुटलेला असतो, तोही मध्ये एकदा छापील नमुना उत्तराकडं (सजेस्टेड आन्सर) डोळा टाकून. मग परीक्षेत पहिले तीन प्रश्न झकास, चौथा घाईत आणि पाचवा दोन ओळींत. गेलेले १४ गुण एकाच प्रश्नाचे दिसतात, पण ते आधीच्या तीन प्रश्नांनी खाल्लेले असतात.

उपाय काही गुपित नाही. परीक्षा घेणारं सीए इन्स्टिट्यूट प्रत्येक अटेम्प्टच्या आधी मॉक टेस्ट पेपर आणि आरटीपी (रिव्हिजन टेस्ट पेपर) देतं, फुकट. दुपारी दोन ते पाच, म्हणजे खऱ्या परीक्षेच्याच वेळेला बसून ते पूर्ण लिहायचे. कोल्हापुरात दुपारी दोन ही जेवून पडायची वेळ, त्यामुळं शरीराला सवय लावावीच लागते. यात हसण्यासारखं काही नाही. मे अटेम्प्टला उन्हाच्या तावात डुलकी लागलेला माणूस मी माझ्या शेजारच्या बाकावर बघितलाय.

पेपर सुरू व्हायच्या आधीची १५ मिनिटं वाचनाची असतात. त्यात गाळायचा प्रश्न ठरवून टाकायचा. अर्धा लिहून सोडलेल्या प्रश्नाइतकं नुकसान दुसऱ्या कशानं होत नाही.

आणि बहुपर्यायीतला एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. फायनलला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. आमच्या पठ्ठ्यानं चार प्रश्न 'नक्की माहीत नाही' म्हणून सोडले होते. एक मार्क हवा होता!

गोदामात पोती मोजली, पेपरात विसरली

ऑडिटच्या पेपराबद्दल कोल्हापूरच्या पोरांचा मला खरंच राग येतो, कारण इथल्याइतका चांगला अनुभव फार थोड्या ठिकाणी मिळतो. साखर कारखान्याच्या गोदामात पोत्यांच्या थप्प्या मोजलेल्या, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत स्क्रॅपच्या ढिगापुढं 'याचं वजन कसं घ्यायचं' म्हणून डोकं खाजवलेलं. आणि पेपरात स्टॉकच्या मोजणीला ऑडिटर हजर राहू शकला नाही असा प्रश्न आला की हीच पोरं पाठ केलेला परिच्छेद ओततात.

एसए ५०१ हे ऑडिटचं मानक काय म्हणतं? साठा महत्त्वाच्या रकमेचा असेल तर ऑडिटरनं मोजणीला हजर राहायचं. ठरलेल्या दिवशी जमलं नाही तर दुसऱ्या एखाद्या दिवशी मोजणी करून मधल्या काळातली आवकजावक तपासायची. हे तुम्ही ३१ मार्चनंतर कारखान्यावर जाऊन केलेलं असतं. मग उत्तर असं मांडा : मानक काय सांगतं ते दोन-तीन ओळींत, प्रश्नातली परिस्थिती काय ती दोन ओळींत, आणि म्हणून ऑडिटरनं काय करावं ते ठामपणे. शेवटचा भाग लिहिलाच नाही तर तपासणाऱ्यानं गुण द्यायचे कशाला?

फायनान्शिअल रिपोर्टिंगचंही तेच. साखरेबरोबर मळी आणि बगॅस (उसाचा चोथा) निघतं हे कागल-राधानगरीच्या पोराला शिकवावं लागत नाही. साठ्याबद्दलच्या इंड एएस २ या हिशोबाच्या मानकाप्रमाणे असं किरकोळ किमतीचं उपउत्पादन बहुतेक वेळा निव्वळ विक्रीमूल्यानं मोजतात आणि ती रक्कम मुख्य उत्पादनाच्या खर्चातून वजा करतात. कारखाना डोळ्यापुढं आणून वाचलं तर हा नियम पाठ करावाच लागत नाही.

'माझं इंग्लिश कच्चं आहे म्हणून गुण जातात' हे गडहिंग्लजपासून शाहूवाडीपर्यंतच्या मराठी माध्यमाच्या पोरांकडून मी सारखं ऐकतो. मीही मराठी माध्यमाचा. लांबलचक वाक्य लिहायला गेलं की फसतं. आठ-दहा शब्दांचं साधं वाक्य, मानकातले मोजके शब्द जसेच्या तसे, आणि प्रत्येक मुद्दा नव्या ओळीवर. एवढ्या इंग्लिशवर पेपर निघतो.

दादाच्या नोट्स

सीनिअरनं प्रेमानं दिलेल्या नोट्स ही आपल्याकडची परंपरा. कायद्याच्या पेपरांना ती घातक. १९६१ चा प्राप्तिकर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झालाय. कलमांचे क्रमांक, मांडणी सगळं बदललं. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दरही बदलले. त्याच्या आधीचं उदाहरण गुळाचं : सुटा गूळ करमुक्त, पण पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या गुळावर जुलै २०२२ पासून ५ टक्के. त्याआधीच्या नोट्स वाचून गेलेला पोरगा मार्केट यार्डाच्या गावचा असूनही गुळातच चुकायचा.

तुमच्या अटेम्प्टला कोणता फायनान्स ॲक्ट (दरवर्षी करांत बदल करणारा कायदा) आणि कुठल्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्या लागू, हे इन्स्टिट्यूट जाहीर करतं. अभ्यास सुरू करायच्या आधी तो कागद काढून भिंतीला लावा.

ग्रुपचा हिशोब न मांडणं

दुसऱ्यांच्या ताळेबंदाचा हिशोब लावणारी पोरं स्वतःच्या गुणांचा लावत नाहीत.

एक : तिन्ही पेपरांत ४५ पडले तर कुठल्याच पेपरात नापास नाही, पण एकूण १३५, म्हणून ग्रुप गेला. 'चाळीस पडले की झालं' हा हिशोब मुळातच चुकीचा. एक पेपर साठीच्या पुढं न्यायची तयारी लागतेच.

दोन : दोन्ही ग्रुप एकदम दिले तर एकाची कसर दुसरा भरून काढतो. पहिल्यात १४०, दुसऱ्यात १६५, प्रत्येक पेपरात किमान ४० : बेरीज ३०५, दोन्ही ग्रुप पास. फक्त पहिला दिला असता तर १४० वर नापास. ही सोय मोठी आहे, पण सहा पेपरांची उजळणी झाली असेल तरच. तीन धड पेपर सोडून सहा अर्धवट देणाऱ्यांना तिचा काही उपयोग नाही.

तीन, आणि ही चूक बघून जीव तुटतो : दुसरा पेपर अवघड गेला म्हणून तिसऱ्याला न जाणं. पहिल्यात ६० पडले असतील तर पुढच्या तीन अटेम्प्टसाठी एक्झम्प्शन मिळतं, पण ग्रुपच्या सगळ्या पेपरांना बसलेलं असावं लागतं. घरी झोपलेल्याचे ते ६० गेले. पेपर कसाही जाऊ दे, अंगात ताप असू दे, जाऊन बसा.

सुट्टी, क्लास आणि गणपती

आता जानेवारी, मे आणि सप्टेंबर असे वर्षात तीन अटेम्प्ट असतात. मे धरणाऱ्यांना एप्रिलचं बँक ब्रँच ऑडिट आडवं येतं, सप्टेंबरवाल्यांना टॅक्स ऑडिट आणि मंडळाचा गणपती. सुट्टीचं प्रिन्सिपलशी, म्हणजे ज्याच्याकडं आर्टिकलशिप करता त्या सीएशी, चार महिने आधी बोला. ऐनवेळी मागितली तर आम्हीही 'एवढी एक फाइल संपव' म्हणतो, मी स्वतःला यातून वगळत नाही. मंडळाचं तुमचं तुम्ही बघा.

सेल्फ-पेस्ड मॉड्यूलचे, म्हणजे आपल्या गतीनं शिकून परीक्षा द्यायच्या विषयांचे, चारही सेट फायनलच्या आधी पूर्ण व्हावे लागतात. ते आर्टिकलशिपमध्येच उरकायचे. फॉर्म भरायच्या तोंडावर त्यांच्या मागं धावणारे दरवेळी भेटतात.

क्लाससाठी पुण्यात खोली घेऊन राहायची गरज मला आता वाटत नाही. तेच लेक्चर इथं स्क्रीनवर दिसतं. फक्त दुप्पट वेगानं बघितलेलं लेक्चर म्हणजे अभ्यासाचे तास नव्हेत. वहीत सोडवलेले प्रश्न मोजा.

एवढं करून मिळतं काय?

आई-वडील हे विचारतात, पोरं विचारायला लाजतात. 'सीए झालं की पैसाच पैसा' हे समजणंही एक चूकच आहे. कोल्हापुरात नवी प्रॅक्टिस टाकली तर पहिली दोन-तीन वर्षं रिटर्न भरणं आणि जीएसटीच्या नोटिसांना उत्तरं देणं यातच जातात. नोकरी धरली तर सुरुवातीचा पगार मुंबई-पुण्यात जास्त, पण भाडं आणि लोकलचा प्रवास त्यातूनच जातो.

पण एक गोष्ट या तीन अक्षरांशिवाय मिळत नाही : सही. १९४९ च्या कायद्यानं इन्स्टिट्यूट उभं राहिलं आणि कंपनीच्या वैधानिक ऑडिटवर सही करायचा अधिकार प्रॅक्टिसमधल्या सीएलाच आहे. गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीतल्या कारखानदाराला बँकेकडून खेळतं भांडवल हवं असतं, निर्यात सुरू करायची असते, दोन भावांत वाटणी करायची असते. तो आकडे भरणारा शोधत नाही, त्याला सल्ला देऊन त्याखाली नाव लिहिणारा माणूस हवा असतो. नागरी बँका, पतसंस्था, दूध संघ, कारखाने यांच्या या जिल्ह्यात तसं काम कमी पडलेलं मी बघितलं नाही. त्या सहीबरोबर जबाबदारीही येते. प्रत्येक प्रमाणपत्रावर यूडीआयएन (त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) पडतो, आणि चुकीच्या कागदावर सही केली तर उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं.

तो पोरगा आता दर रविवारी दोन वाजता ऑफिसला येतो. शटर अर्धं ओढून, फोन माझ्या ड्रॉवरमध्ये टाकून पेपर लिहितो. परवा फायनान्शिअल रिपोर्टिंग लिहिला. पाचही प्रश्न झाले, पाच वाजायला चार मिनिटं कमी असताना. मळीचा नियम मात्र विसरला.